जुन्या नावाची चौकशी

गेल्या जुलैमध्ये संतपूरच्या आमच्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. कमिटीने एक व्याख्यान ठेवलं, पण औरादहून यायचा तो वक्ता आलाच नाही, म्हणून मला उभं केलं. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, वाचनालय पहिल्यापासून सांभाळणारा. वर्गात बोलता यायचं, कारण तिथे फळ्याकडे तोंड करून बोललं तरी चालतं. मोठ्या माणसांपुढे उभं राहिलं की माझी जीभ कोरडी पडते. ऐनवेळी दुसरं काही सुचेना, म्हणून पन्नास वर्षं एकट्याने वाचत आलो होतो तोच विषय काढला. ज्यू लोकांचा गूढमार्ग. ते त्याला कब्बाला म्हणतात.

हे वेड मला गुलबर्ग्यात लागलं. कॉलेजात असताना स्टेशनजवळ खोली घेऊन राहत होतो. शेजारी रूबेन वाकरुळकर राहायचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मूळ कोकणातले ज्यू, घरात मराठीच बोलणारे. बाहत्तर साली ते बायकामुलांसह इस्राएलला गेले, तेव्हा वडिलांच्या हातच्या दोन मराठी वह्या मला देऊन गेले. त्या वह्यांच्या मागे लागून पुढे जमेल तिथून, जमेल तेवढं वाचत राहिलो. त्यातलं किती कळलं याची मला आजही खात्री नाही.

व्याख्यानाला चौदा माणसं होती. मी सांगितलं की लोक याला काळी विद्या समजतात, मोबाइलवर मनगटाला बांधायचा लाल दोरा विकतात, आकडे मांडून भविष्य सांगतात. मुळात ही चिंतनाची वाट आहे. सगळीकडे भरून राहिलेल्या देवाने जगाला जागा व्हावी म्हणून स्वतःला आत ओढून घेतलं. मग त्याने ओतलेला उजेड भांड्यांना पेलला नाही, ती फुटली, आणि माणसाच्या वाट्याला ते तुकडे वेचायचं काम आलं. जग अक्षरांतून घडलं असं ते मानतात. म्हणून नाव ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नाही. पन्हाळीतून पाणी यावं तसा माणसाचा प्राण त्याच्या नावातून येतो.

एव्हाना चार-पाच जण पेंगत होते. वीरण्णा, ज्याची बसस्टँडवर चहाची टपरी आहे, मागून म्हणाला, "मास्तर, तुमचा देव आत सरकला ते बरं झालं. आमच्या घरात पाव्हणे आल्यावर कुणी सरकत न्हाई."

लोक हसले. मी गोंधळलो, आणि त्यांना जागं ठेवावं म्हणून व्याख्यानात नसलेली एक रीत सांगून टाकली. ज्यूंमध्ये माणूस फार आजारी पडला की कधी कधी त्याचं नाव बदलतात. त्यांचे जुने पंडित म्हणत, चार गोष्टींनी वरचा निकाल फिरू शकतो: दान, प्रार्थना, नाव बदलणं आणि वागणं बदलणं.

सगळे एकदम नीट बसले. पिठाच्या गिरणीवाली बसम्मा म्हणाली, "हे आमच्यात बी हाय की. माझ्या भावाचं नाव गुंडप्पा कामून ठेवलं? गुंडा मंजे धोंडा. आधीची दोन गेली मनून. धोंड्याला कोण न्यायलंय?"

बाकीचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ही एक गोष्ट गावभर झाली.

गुरुशांतप्पा त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. तुरीचा व्यापार, थोडी सोयाबीनची शेती, घर वाचनालयाच्या मागेच. त्यांची नात नऊ वर्षांची. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. जुनंही नाही आणि नवंही नाही. ती रोज शाळा सुटली की वाचनालयात यायची आणि दोन कपाटांच्या मधल्या फटीत, फरशीवर पाय लांब करून वाचत बसायची. मला मास्तरअज्जा म्हणायची. कुठलंही पुस्तक परत देताना "शेवट बरा हाय" किंवा "शेवट बरा न्हाई" एवढंच सांगायची. पंचवीस वर्षांत मला मिळालेला खरा वाचक तो एकच. माझ्या घरी माझी वाट पाहणारं कुणी नाही, म्हणून कदाचित मी हे जरा जास्त धरून बसलो असेन.

सप्टेंबरमध्ये तिला ताप आला. डेंगी निघाला. बीदरच्या दवाखान्यात नेलं, तरी प्लेटलेट खाली खालीच जात होत्या. चौथ्या दिवशी सकाळी गुरुशांतप्पा कपडे न्यायला गावात आले आणि सरळ माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली.

"मास्तर, ते नावाचं काय सांगितलं हुतं तुमी?"

"ती प्रार्थनेची रीत आहे, गुरुशांतप्पा. औषध नव्हे. आणि ज्यू लोकांची."

"गळ्यात लिंग हाय पोरीच्या. स्वामी येऊन विभूती लावून गेले. डाक्टर बी करायलेत. समदं चालू हाय. हे एकच ऱ्हायलंय." ते ओट्यावर बसले. "डाक्टर मनले, उद्या सकाळपर्यंत बघू."

मी वाकरुळकरांची वही काढली. दहा मोठी माणसं जमवायची, त्यांच्यासमोर नवं नाव जाहीर करायचं, आणि मग प्रार्थना. तिचा अर्थ असा होता की हिच्यावर काही निकाल झाला असेल तर तो त्या नावावर झाला, आता ही वेगळी आहे, हिला आयुष्य दे. मी ती सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवून घेतली.

दुपारी साडेतीनला वाचनालयाच्या ओट्यावर दहा माणसं जमली. लिंगायत होते, मराठे होते, एक तेलुगू गवंडी होता आणि शेजारच्या दुकानातले चाँदसाब टेलर. गुरुशांतप्पांना बीदरला परतायला चारची बस होती. त्यांनी नवं नाव सांगितलं, दहाही जणांनी ते एकदा उच्चारलं. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी कागद हातात धरून उभा राहिलो. वाटलं, मी कोण हे म्हणणारा? ना मी ज्यू, ना स्वामी, ना भटजी. उद्या लोक मास्तराचं सोंग म्हणून हसतील. पहिला शब्द तोंडातून निघेना.

"वाचा की मास्तर," वीरण्णा म्हणाला. "बस चुकंल."

"राहू द्या," मी म्हणालो. "नाव बदललं, तेच महत्त्वाचं." आणि कागद खिशात घातला.

माझ्याकडून घडलं ते हे. बाकीचं वीरण्णाने आपल्या पद्धतीने पुरं केलं. आमचं गाव कर्नाटकात, पण महाराष्ट्र-तेलंगणाच्या हद्दीवरचं. घरात कुठली भाषा बोलता, कुणाची किती जनावरं, किती जमीन, हे विचारायला दर दोन-तीन वर्षांनी कुणी ना कुणी कागद घेऊन येतं. त्याच्या आधी गाव एक उत्तर ठरवतं, आणि मग पोरासोरांपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे तेच सांगतात. वीरण्णा म्हणाला, "ध्यानात ठेवा. कुणी बी इचारू द्या, त्या नावाची पोरगी आपल्या गावात न्हाई, कदी नव्हतीच. सर्वेवाल्याला सांगताव तसं."

ज्यूंच्या रीतीत देवाला तोंडावर सांगून केलेली विनवणी असते. आम्ही विनवणी गाळली आणि फसवणूक तेवढी ठेवली. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी कागद मी खिशातच राहू दिला.

दुसऱ्या सकाळी प्लेटलेट वाढल्या. सहाव्या दिवशी पोरगी घरी आली. हाडं दिसत होती, पण डोळे तेच होते. गावाने जुनं नाव खरंच टाकून दिलं. शाळेत हजेरीवर त्या नावावर कागद चिकटवला. तिची आई महादेवी पहिले दोन दिवस हाक मारताना अडखळली, मग तिलाही सवय झाली. लोक माझ्याकडे ताईत मागायला येऊ लागले. मी नाही म्हणायचो, समजावून सांगायचो. पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी मी सकाळी पेपर आणायला टपरीवर गेलो, तर वीरण्णा हळू आवाजात म्हणाला, "काल दुपारच्या बसनं एक जण उतरलता. आपल्या पोरीला इचारायलता. जुन्या नावानं."

"कोण?"

"काय की. बगलेत फाइल हुती. मी मनलो, तसलं कुणी न्हाई हितं. बरं मनला आन् गेला."

"दवाखान्यातला असेल. डेंगीची नोंद करून घेतात."

"असंल." त्याने गाळणी आपटली. "कन्नड लई गोड हुतं बगा त्याचं. बसवकल्याणकडचं. आमची आई बोलायची तसलं."

तालुक्याच्या आरोग्य खात्यात मी फोन लावला. ते म्हणाले, ताप आला त्या आठवड्यात आमचा माणूस येऊन फवारणी करून गेला, पुन्हा कुणी पाठवलेलं नाही.

दोन दिवसांनी तो गिरणीत येऊन गेला. बसम्मा मला दळण देताना म्हणाली, "मी बी न्हाईच मनले. पण लई जड गेलं मास्तर. खरं सांगून टाकावं वाटायलतं. जीब चावून धरली."

"कन्नड बोलत होता ना?"

"कन्नड कुठलं? तेलुगू. माझ्या माहेरचं, नारायणखेडचं. आई गेल्यापासून तसं कुणी बोललंच न्हवतं माझ्यासंगं."

मी दळण घेऊन घरी आलो. आमच्याकडे माणसाला तीन-चार भाषा येणं यात नवल नाही. फेरीवाल्याला पाच येतात. मी स्वतःला हेच सांगितलं. मग तिसऱ्याला विचारायचं ठरवलं, पण कुणाला विचारावं ते कळेना.

विचारावं लागलं नाही. पुढच्या दिवशी चाँदसाब स्वतः आले. ते माझ्यासारखेच कमी बोलणारे. दारात उभे राहून म्हणाले, "मास्तरसाब, वो आदमी मेरे पास बी आया था. मैं बोला, ऐसी कोई नहीं." मग म्हणाले, "अम्मी के जैसा बात करा. वो गया तो मशीन बंद करके रोते बैठा मैं."

"दिसायला कसा होता?"

ते बराच वेळ आठवत राहिले. मग नकारार्थी मान हलवून निघून गेले. वीरण्णालाही चेहरा सांगता आला नव्हता. बसम्मालाही.

बसस्टँड, गिरणी, टेलरचं दुकान. टेलरच्या पुढचं दार माझ्या वाचनालयाचं, आणि माझ्या मागचं तिचं.

गुरुवारी शाळा अर्धीच होती. दुपारी एकच्या सुमारास ती आली आणि नेहमीसारखी कपाटांच्या फटीत जाऊन बसली. बाहेर सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडत होता, सगळा रस्ता पिवळट झाला होता. तिची अव्वा महादेवी रानात गेली होती. मी टेबलाशी बसून फाटलेल्या पुस्तकांना खळ लावत होतो. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"कामात हाईस व्हय रं?"

दारात तो उभा होता. बगलेत फाइल, पांढरा शर्ट, साधी चप्पल. इतका भुसा उडत होता, पण चप्पल स्वच्छ होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं असणार. पाहिलंच असणार.

आवाज माझ्या आईचा नव्हता. आवाज पुरुषाचा होता. पण बोलणं आईचं होतं. उदगीरकडचं, प्रत्येक वाक्य शेवटी किंचित वर उचलणारं. तिला जाऊन एक्कावन्न वर्षं झाली. ते बोलणं मी पार विसरलो होतो आणि विसरलो आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

"कामून असा भ्यायलास? बस की. एकच इचारायचं हाय."

त्याने फाइल उघडली नाही. तिचं जुनं नाव घेतलं.

आतला पानांचा आवाज थांबला.

"तसलं... तसं कुणी नाही इथे," मी म्हणालो.

"समदं गाव हेच मनायलंय." रागावलेला नव्हता तो. पोराने खोटं बोलल्यावर आई जशी थोडा वेळ वाट पाहते, तसा उभा राहिला. "तू तर लहानपणी कदी खोटं बोलत न्हवतास."

माझ्या हातातल्या ब्रशवरून खळ टेबलावर गळत होती. मला सांगून टाकावंसं वाटत होतं. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगावंसं वाटत होतं.

त्याने माझ्यावरून नजर काढली आणि कपाटांकडे पाहिलं. पुन्हा ते नाव घेतलं. या वेळी विचारल्यासारखं नाही. जेवायला हाक मारतात तसं.

आत फरशीवर काहीतरी सरकलं. ती उठत होती.

"गुलबर्ग्याला," मी मोठ्याने म्हणालो. "ती गुलबर्ग्याला असते. इथे नाही."

तो माझ्याकडे वळला.

"गुलबर्ग्याला कुणाकडं?"

"ठाऊक नाही."

"बरं. असू दे." त्याने फाइल बगलेत नीट घेतली. "मी जातो इचारत इचारत."

तो पायऱ्या उतरला. मी दारापर्यंत गेलो नाही.

बऱ्याच वेळाने ती कपाटामागून बाहेर आली. पुस्तकात बोट तसंच होतं.

"मास्तरअज्जा," तिने विचारलं, "अव्वा रानातून कामून आलती? मला हाक मारून परत कामून गेली?"

त्यानंतर तो गावात आला नाही. मी वीरण्णाला, बसम्माला, चाँदसाबना रोज विचारत होतो. कुणाला दिसला नाही. पोरीच्या अंगावर मांस चढू लागलं. दसऱ्याला ती नवा फ्रॉक घालून मला बन्नी द्यायला आली. बन्नी म्हणजे आमच्याकडचं सोनं, शमीची पानं. मी ती घेतली.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी कन्नड पेपरच्या गुलबर्गा पानावर चार ओळींची बातमी होती. मी कन्नड बोट ठेवून वाचतो, सावकाश. जेवरगी रोडवर राहणारी नऊ वर्षांची मुलगी डेंगीने दगावली. नाव तेच होतं.

नाव काही दुर्मीळ नाही. ती जन्मली त्या सुमारास गल्लोगल्ली तेच ठेवत होते. डेंगीची साथही मोठी होती, इतर नावांची माणसंही जात होती. मी हे एका कागदावर लिहून काढलं, म्हणजे माझं मलाच पटेल म्हणून.

चार दिवसांनी दुसरी. शहाबाजार. नऊ वर्षं. डेंगीच.

त्यानंतरच्या आठवड्यात ब्रह्मपूर. ही आजारी नव्हती. जिन्यावरून पडली होती. बातमीत लिहिलं होतं की दारात कुणीतरी हाक मारली म्हणून ती धावत उतरत होती.

ते तिन्ही पेपर मी कपाटात घालून कुलूप लावलं. कधीतरी रात्री उठून वाटतं, आपण गुलबर्ग्याला जावं. तिथे जाऊन काय करावं ते कळत नाही. नऊ वर्षांच्या, त्या नावाच्या मुली कुठे कुठे राहतात, हे मलाही विचारत विचारतच जावं लागेल.

परवा सकाळी गुरुशांतप्पा आले. ते पेपर वाचायला कधी येत नसत. पण अलीकडे वीरण्णाच्या टपरीवरच, मी पोचायच्या आधी, ते पेपर उघडून बसतात असं मला कळलं होतं. त्यांचं कन्नड चांगलं आहे. त्यांनी माझ्यासमोर तिसरं पान उघडलं आणि रकान्यावरून बोट खाली नेत थांबवलं. स्टेशन रोड. नऊ वर्षं.

"पोरीनं सांगितलं मला," ते म्हणाले. "त्या दिशी तुमी काय बोललाव ते."

"मी खोटं बोललो, गुरुशांतप्पा. दुसरं काही सुचलं नाही. ही दुसऱ्यांची लेकरं आहेत. माझ्याकडे ती प्रार्थना अजून आहे. दहा जणांना पुन्हा बोलवू. या वेळी मी वाचतो. खरं काय ते सांगून मोकळं होऊ."

"कुणाला सांगायचं खरं?"



मागच्या अंगणात ती दोरीवरच्या उड्या मारत होती. दोरी फरशीवर आपटल्याचा आवाज येत होता, आणि तिचे आकडे. एकवीस, बावीस, तेवीस. गुरुशांतप्पा ते ऐकत राहिले. अठ्ठावीसला ती अडखळली, हसली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

"गुलबर्गा लई मोठं हाय, न्हाई का मास्तर?"

"मोठं आहे."

"त्या नावाच्या किती असतील?"

"माहीत नाही."

"पुष्कळ असतील," ते म्हणाले. त्यांनी पेपरची घडी घातली, टेबलावर ठेवली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा पाठ टेकून बसले. मग दारातून वीरण्णाला हाक मारून दोन चहा सांगितले.

चहा आला. मी तो प्यालो.